नावाआधीचं टिंब

ते टिंब माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मशीनला शिव्या घालत बसायला नको. मशीनला शिव्या घालायचं काम मी पुष्कळ वर्षं केलंय. त्यात आता काही राम वाटत नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायचा एक कारखाना होता. आता तिथे कुणाचं तरी गोडाऊन आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा मी टायपिस्ट होते. बोटं चांगली चालतात म्हणून मला आणि आणखी दोघींना उचलून काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे ए.सी. होता, तो मशीनसाठी. आम्हाला सर्दी व्हायची. चपला बाहेर काढायच्या, डबा बाहेर खायचा, आणि दसऱ्याला मशीनला हार घालून कुंकू लावायचं. कुंकू पडद्याला लागलं की साहेब केवढ्याने तरी ओरडायचे. मला त्या खोलीचा फार तोरा होता. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीत मी एकटी ‘कॉम्प्युटरवाली’ होते, आणि भाजीवाल्यालासुद्धा ते माहीत असेल याची मी काळजी घ्यायची.

आमचं पहिलं मोठं काम म्हणजे सगळ्या कामगारांची नावं मशीनमध्ये भरायची. ती होती कामगार विभागाच्या हेडक्लार्कच्या रजिस्टरमध्ये. हे हेडक्लार्क म्हणजे धोतर सोडून नुकतेच पँटीत आलेले गृहस्थ. भाषा शुद्ध, अक्षर मोत्यासारखं आणि हट्ट तीन वर्षांच्या पोराचा. दर वर्षी ते नवीन रजिस्टर घालायचे, आणि त्याच्या पहिल्या पानावर जिवंत माणसाचं नाव नसायचं. नोकरीत असताना जे वारले आणि ज्यांच्या घरच्या माणसाला अजून कामावर घेतलेलं नाही, त्यांची नावं त्या पानावर. ते पान लिहून होईपर्यंत ते चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

“गेलेले आधी,” ते म्हणायचे. “राहिलेल्यांना काय घाई आहे? ते दारात उभे राहून भांडू शकतात.”

त्यामागे एक करार होता. नोकरीत असताना कामगार वारला तर त्याच्या घरातल्या एकाला जागा रिकामी होईल तशी नोकरी द्यायची. मात्र तीन वर्षांच्या आत. तीन वर्षं उलटली की हक्क संपला. दर दिवाळीला पर्सोनेल मॅनेजर रजिस्टरचं पहिलं पान मागवायचा आणि त्यातून माणसं घ्यायचा. पान पहिलं असल्यामुळे ते कुणाच्या नजरेतून सुटायचं नाही. हेडक्लार्कांची सगळी अक्कल त्या एका पानात होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती.

आता मशीन नावं लावायचं ते ए, बी, सी, डी प्रमाणे. त्यात मेलेले कुठेही जाऊन पडणार. हेडक्लार्क म्हणाले, पहिलं पान मिळणार नसेल तर मी रजिस्टर देणार नाही. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मुंबईहून आला. त्याने सांगितलं की त्यासाठी वेगळा रकाना करावा लागेल, म्हणजे सगळा प्रोग्रॅम उचकटावा लागेल, पुढच्या वर्षी बघू. हेडक्लार्क रजिस्टर छातीशी धरून बसले. आठ दिवस काम ठप्प.

मग मी शहाणपणा केला. माझ्या लक्षात आलेलं की नाव टाइप करताना चुकून आधी टिंब पडलं, साधा फुलस्टॉप, तर ते नाव यादीत सगळ्यात वर जाऊन बसतं. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. मी मेलेल्यांच्या प्रत्येक नावाआधी एकेक टिंब टाकलं आणि यादी छापली. पहिल्या पानावर सगळे गेलेले, एकाखाली एक, आणि त्यांच्या खाली ए पासून जिवंत माणसं. शिवाय हजेरीचा प्रोग्रॅम ए पासून सुरू व्हायचा, त्यामुळे टिंबवाल्यांची हजेरीची कार्डं आपोआप छापली जायची नाहीत. एका टिंबात दोन कामं! हेडक्लार्कांनी ते पान हातात घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “पोरी, तू शहाणी आहेस.” त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली साटोरी दिली. मी कुणाची परवानगी घेतली नाही, कुठे लिहून ठेवलं नाही. लिहायचं काय त्यात? टिंब तर होतं.

पाच-सहा वर्षं ते टिंब बिनबोभाट चाललं. माणसं वारली, मी टिंबं टाकली. त्यांच्या बायका, भाऊ, मुली कामाला लागल्या की नाव वेगळ्या फाइलीत जायचं आणि पान पुन्हा थोडं रिकामं व्हायचं.

आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणारी एक बाई होती. खाडीच्या कडेला त्यांचा कोळीवाडा. आम्ही दोघी एकाच वयाच्या, तरी मी तिला मावशी म्हणायची आणि ती मला बाय. तिच्या नवऱ्याची छोटी होडी होती. पण खाडीचं पाणी आमचा कारखाना त्या दिवशी काय रंगवतोय त्याप्रमाणे रंग बदलायला लागलेलं. मासळीला रॉकेलचा वास यायचा. इमारतीतल्या बायका टोपलीतली बोईटं हुंगून परत ठेवायच्या, मीही ठेवायची. शेवटी होडी विकून तो आमच्याच कारखान्यात रंगखात्यात कामाला लागला. ज्याने खाडी मारली त्याच्याच दारात हजेरी लावायची, दुसरं होतं काय? तिथे चार-पाच वर्षं काढली असतील. मग एका डिसेंबरात ताप आला आणि चौथ्या दिवशी गेला. मागे ती, सासू आणि दोन मुली.

त्याच्या नावाआधी टिंब मी टाकलं. त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम कोळीवाड्यात गेले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. दोन-तीन जण तुमच्या पुढे आहेत, मग तुमचा नंबर. कँटीनमध्ये जागा निघतात, तिथे लागाल. तीन वर्षांच्या आत नक्की.

त्यानंतर मासळी द्यायला आली की तिचा एकच प्रश्न. “बाय, माज्या मानसाचा नाव हाय ना तुज्या मशीनीत?”

“आहे हो मावशी. पहिल्या पानावर आहे.”

“पुसला बिसला नाय ना जायाचा?”

“मशीनमधून असं पुसलं जात नाही काही.”

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, बाकीच्या बायका दर महिन्याला अर्ज घेऊन गेटवर जातात, मीपण जाऊ का? तिला अर्ज लिहून हवा होता. आणि मी काय सांगावं? मी तिला म्हटलं, “कशाला उन्हातान्हात खेपा घालताय? नाव मशीनमध्ये आहे. अर्ज हरवतात, मशीनमधलं हरवत नाही.” ती माझं ऐकून घरी बसली. ज्या बायका माझ्या ओळखीच्या नव्हत्या त्या गेटवर जात राहिल्या. माझी ओळख नसती तर तिचं भलं झालं असतं, हे लिहिताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि राग काढायला समोर मीच असते.

तिसऱ्या वर्षी तिच्या पुढचे सगळे लागले. आता वारल्याच्या तारखेने पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा. तिला मी सांगितलं तेव्हा ती दारातच बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, “कागद दे एक.” मी जुन्या कॅलेंडरचं पान दिलं. तिने माझ्या पेनाने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दात-ओठ खात सही केली. थोरली मुलगी दहावीला होती, तिने शिकवलेली. कामाला लागल्यावर सही करावी लागते, अंगठा चालत नाही, असं कुणीतरी सांगितलेलं. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं तशी तिने जीभ चावली आणि पुन्हा केली. ते पान मी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं.

त्याच वर्षी हेडक्लार्क रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी हारतुरे झाल्यावर ते काचेच्या खोलीशी आले, चपला काढल्या आणि दारातून म्हणाले, “पहिलं पान दर वेळी स्वतः बघत जा. कुणावर सोडू नकोस.” मी म्हटलं, “हो काका, बघेन ना.” मनात म्हटलं, म्हाताऱ्याला अजून मशीनवर भरवसा नाही.

गणपती झाल्यावर मशीनवर नवीन व्हर्जन घालायचं ठरलं. म्हणजे मशीन तेच, आतली सिस्टिम नवी. इंजिनिअर आला, वयाने माझ्यापेक्षा लहान, दोन दिवस टेपा घालत आणि काढत बसला. मी विचारलं, “आमचे प्रोग्रॅम चालतील ना?” तो म्हणाला, “मॅडम, टेन्शनच घेऊ नका. इंजिन नया, बॉडी वही. तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही.” खरंच कळला नाही. पडदा तोच, हिरवी अक्षरं तीच, नावं भरायची चौकट तीच. नावांच्या फाइली त्याने हात न लावता जुन्याच ठेवल्या. त्याने टिंबाबद्दल विचारलं नाही, कारण त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मॅनेजरचा शिपाई पहिलं पान न्यायला आला. ऑफिसात फराळाचे डबे फिरत होते. माझ्या एका हातात चकली होती. दुसऱ्या हाताने मी बटण दाबलं, प्रिंटर खडखडला, पहिलं पान मी टरकन फाडलं आणि शिपायाला दिलं. बघितलं नाही. पाच-सहा वर्षं जे पान बरोबर आलं त्यात बघायचं काय? चकली कडक झालेली, तेवढं मात्र मला लख्ख आठवतंय.

त्या पानावर एकही मेलेला माणूस नव्हता. ए पासून पुढची सगळी जिवंत, धडधाकट, पगारी माणसं. मॅनेजर नवा होता, तरुण, टाय लावणारा. त्याला फक्त एवढंच सांगितलेलं की टिंबवाले म्हणजे वारस प्रकरणं. पानावर टिंब नाही हे बघून त्याने खाली शेरा मारला: वारस प्रकरणे शिल्लक नाहीत. कँटीनमध्ये दोन जागा होत्या. त्या भरल्या. कुणाकुणाच्या ओळखीने भरल्या ते मी बोलत नाही, पण भरल्या.

डिसेंबरात तिची तीन वर्षं संपली. जानेवारीत ती माझ्या दारात उभी. टोपली नव्हती.

“बाय, कागद नाय आयला.”

मी म्हटलं, येईल, उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मशीनमध्ये त्याचं नाव शोधलं. टिंब, मग आडनाव, मग नाव. पडद्यावर उत्तर आलं: असं नाव नाही. मला वाटलं बोट चुकलं. पुन्हा टाकलं. नाही. टिंब न लावता टाकलं. नाही. आधीच्या पावसाळ्यात वारलेल्या एकाचं नाव टाकून बघितलं, तेही नाही. मग मी हजारावर नावांची अख्खी यादी छापायला घातली आणि जमिनीवर बसून पट्टी लावून एकेक ओळ बघत गेले. कुठेतरी मधल्या पानावर तो सापडला. आगेमागे त्याच आडनावाचे लोक, आणि मध्ये तो, टिंबासकट.

मी इंजिनिअरला फोन लावला. त्याने आधी उडवून लावलं, मग आला. आणि मग मला कळलं की पाच-सहा वर्षं मी कशावर विसंबून होते. जुन्या सिस्टिममध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर होता आणि मशीन नुसते नंबर बघून नावं लावायचं. टिंबाचा नंबर सेहेचाळीस, ए चा पासष्ट. म्हणून टिंब आधी. नवीन सिस्टिम शब्दकोशासारखी नावं लावत होती. शब्दकोशात टिंबाला काय किंमत? ते ती मोजतच नव्हती. मेलेले आपापल्या आडनावात परत गेले.

“पण मग शोधल्यावर नाही का म्हणतंय?” मी विचारलं.

ते त्याने समजावलं तेव्हा मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्या गावाहून आल्या की माझे डबे त्यांच्या पद्धतीने लावून ठेवायच्या. मग मी नेहमीच्या जागी हात घालायची, तिथे मोहरी नसायची, आणि मी म्हणायची मोहरी संपली. इथे उलटं झालेलं. डबे जुन्याच जागी होते आणि शोधणारा हात नवा आलेला. छापताना मशीन नावं दर वेळी नव्याने लावायचं, पण शोधायच्या फाइलीत नाव होतं तिथेच होतं. मशीन भलत्याच ठिकाणी बघायचं, आणि नाही म्हणून मोकळं व्हायचं.

“यादी नव्याने बांधली की सापडेल,” तो म्हणाला. “ते मी पुढच्या व्हिजिटला करतो. पण मॅडम, नाव के आगे डॉट? ये किसने बोला था डालने को?”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी म्हटलं, “आणि नावं लावायची पद्धत बदलताना आम्हाला सांगायचं, हे तुम्हाला कुणी नाही बोललं?” तो म्हणाला, ते जाड मॅन्युअलात लिहिलेलं आहे. मॅन्युअल कुठे आहे? त्याच्या ऑफिसात.

मी छापलेली यादी घेऊन मॅनेजरकडे गेले. सगळं खरं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“बघा मॅडम,” तो म्हणाला, “सिस्टिमने शिल्लक नाही सांगितलं, मी शेरा मारला, वर सह्या झाल्या. आता मी कशाच्या आधारावर उघडू? एकच मार्ग आहे. तुम्ही लेखी खुलासा द्या. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये परवानगीशिवाय खुणा केल्या, त्यामुळे चुकीची यादी गेली, असा. मग मी ही केस वर पाठवतो. मुदत उलटली तरी विचार होऊ शकतो, कारण चूक कामगाराची नाही, ऑफिसची ठरते.”

“आणि माझं काय होईल?”

“ते वरचे ठरवतील.” मग म्हणाला, “तुम्हा तिघींपैकी एकीला कमी करायचं चाललंय, हे तुमच्या कानावर असेलच.”

कानावर होतं ना. कोरा कागद आणि कार्बन घेऊन मी घरी गेले. नवऱ्याची ठाण्याची कंपनी बंद पडून वर्ष होत आलेलं. तो दिवसभर घरी बसून पेपरातल्या जाहिरातींवर खुणा करायचा. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “वेड लागलंय का तुला? स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं? मशीनचा घोळ आहे, मशीनवाले निस्तरतील.” त्याला दोष देत नाही. तो जे बोलला ते ऐकायलाच तर मी त्याला सांगितलेलं. मी कागद ओट्यावर ठेवला. तिथेच खिळ्याला कॅलेंडरचं पान होतं, त्यावर तिच्या दोन सह्या, एक रेघेबाहेरची आणि एक सरळ. मी कुकर लावला. दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या कागदावर वाण्याची यादी लिहिली.

मॅनेजरने पुन्हा विचारलं नाही. मीही त्याच्या केबिनवरून जाताना मान खाली घालून जायला लागले. तिला मी सांगितलं, मशीनमध्ये बिघाड झालाय, चौकशी चालू आहे. ती म्हणाली, “बरा. तू हायेस ना तितं.” आणि जाताना मूठभर सुकट ठेवून गेली. मी नको नको म्हणत होते. रात्री ती सुकट मी चवीने खाल्ली, हेही लिहून ठेवते.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. टिंबवाले आता जिवंत माणसांत बसलेले. हजेरीची कार्डं ए पासून छापली जायची, म्हणजे दिवाळीच्या आधीपासून मेलेल्यांचीही छापली जात होती. टाइम ऑफिसमधल्या माणसाने त्या कार्डांवर रोज काय लिहावं? गैरहजर. हा माणूस मेलाय, याच्या खांदेकऱ्यांत मी होतो, असं त्याच्या डोक्यात आलं नाही. कार्ड आलं, माणूस आला नाही, गैरहजर. महिनोन् महिने! आणि तीन महिने सलग गैरहजर असलेल्यांना मशीन नोटीस काढायचं. मराठी मजकूर आधीच छापलेला, मधल्या रिकाम्या जागेत मशीन नाव आणि नंबर टाकायचं, खाली डाव्या कोपऱ्यात नोटीस काढणाऱ्या ऑपरेटरची आद्याक्षरं. फेब्रुवारीत तो गठ्ठा मीच काढला. मीच घड्या घालून पाकिटात भरला. पत्ते बघितले नाहीत. दुसऱ्यांदा.

त्यानंतरच्या शुक्रवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी दारावर थापा. ती उभी होती. नेसूचं लुगडं चांगलं, डोक्यात अबोलीचा गजरा. विधवा म्हणून तिने तीन वर्षांत फूल माळलेलं मी बघितलं नव्हतं. हातात कंपनीच्या नावाचं पाकीट, न फोडलेलं.

“बाय, कागद आयला!” ती म्हणाली. “पोर सालंत गेलीय, जादा तासाला. मी थांबलीच नाय. धावत आयले. तू वाच. तुज्याच हातानं फोड.”

पाकीट मी ओळखलं. फोडायच्या आधीच मला कळलं, आणि तरी मी ते फोडलं, कारण ती बघत होती. नवरा पेपर घेऊन आतल्या खोलीत गेला.

“वाच ना गो.”

मला खोटं वाचता आलं असतं. तेवढी हुशारी माझ्यात नक्की होती. पण तिची मुलगी दुपारी घरी येऊन तो कागद वाचणारच होती. मग मी वाचला. आपण गेले तीन महिने पूर्वपरवानगीशिवाय कामावर गैरहजर आहात. या पत्राच्या तारखेपासून सात दिवसांत लेखी खुलासा न केल्यास आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येईल. वर त्याचं नाव, टिंबासकट. खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

ती ऐकत राहिली. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला चार शिव्या हासडेल. हासडायला हव्या होत्या. तिने पाकीट उलटंपालटं केलं, त्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

“म्हंजे नाव हाय,” ती म्हणाली. “तू बोललेलीस तसा. अजून काडला नाय.”

“मावशी…”

“सात दिवस हायेत ना? मंग लिव ना खुलासा. तुला येतंय लिवायला. तूच लिवतेस ना तितं समदा.”

मी ओट्यावरून पेन आणला. कागद शोधला. कंपनीतून आणलेला कार्बन अजून तिथेच पडलेला. ती समोर पाटावर मांडी घालून बसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली, मी नोकरीचाच कागद लिहितेय अशी. मी लिहिलं की माझे पती अमुक नंबरचे कामगार, अमुक तारखेला वारले, म्हणून कामावर येऊ शकत नाहीत. वारस म्हणून मला नोकरी मिळावी ही विनंती. चार ओळी. यादी कशी चुकली, कुणाच्या हातून चुकली, त्याबद्दल एक अक्षर नाही. खुलासा लिहायला मला पाच मिनिटं लागली.

“इतं सही करू?” तिने विचारलं.

“हो, इथे.”

तिने पदर खोचला, पेन घट्ट धरला आणि माझ्या खुलाशाखाली स्वतःची सही केली. एकही अक्षर रेघेबाहेर गेलं नाही.